ताब्यातल्या शहरांची ग्रंथपेटी : अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या वाचनालयाने खेड्यांसाठी विषयवार फिरत्या ग्रंथपेट्या सुरू केल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या ताब्यात गेलेल्या शहरांतील सामान्य लोकांच्या जगण्यावरची पेटी आमच्या वाचक मंडळाने आणली होती. प्रत्येक गावाने ती एकदा तरी मागवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेटीचे बळ तिच्या निवडीत आहे. रणगाडे आणि सेनापती बाजूला ठेवून तिच्यातील पुस्तिका, नकाशे आणि छायाचित्रे धान्य, सरपण, शाळा आणि संचारबंदी यांविषयी बोलतात. जर्मनीच्या ताब्यातील पोलंडची राजधानी वॉर्सा, तिचा भाग सर्वांत भरीव आहे. १९४१ साली तेथे ठरवून दिलेला दिवसाचा शिधा जर्मनांसाठी २६१३, पोलिश लोकांसाठी ६९९ आणि ज्यूंसाठी अवघ्या १८४ उष्मांकांचा होता. १८४ उष्मांक म्हणजे जेमतेम ज्वारीची एक भाकरी. हा तक्ता मोठ्याने वाचला गेला, तेव्हा स्वस्त धान्य दुकानातले माप वर्षानुवर्षे पाहत आलेल्या बायकांनी तो पुन्हा वाचायला लावला. नोव्हेंबर १९४० मध्ये भिंतीआड बंद केलेल्या ज्यूंच्या वस्तीत चार लाखांहून अधिक माणसे कोंडली होती आणि त्यांच्यासाठी भिंतीच्या फटींतून अन्न आणणाऱ्यांत लहान मुले पुष्कळ होती. इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या रोजच्या जगण्याच्या नोंदी पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनांत पुरून ठेवल्या; त्यांतील दोन साठे १९४६ आणि १९५० साली सापडले.

अथेन्सचा १९४१-४२ चा दुष्काळ थोडक्यात आटोपला आहे, तरी ताबा घेणाऱ्यांनी केलेली लूट आणि ब्रिटिशांची नाकेबंदी ही दोन्ही कारणे सांगण्याचा प्रामाणिकपणा त्यात आहे. नेदरलँड्सच्या १९४४-४५ च्या हिवाळ्यातील उपासमारीवर मात्र आमच्याकडे रात्री उशिरापर्यंत चर्चा चालली. शहरातल्या बाया सायकलवरून खेड्यांत जाऊन घरातल्या चादरी आणि दागिने देत व बटाटे नेत. अशा वेळी शेतकऱ्याने काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हा प्रश्न शेती करणाऱ्या गावात वरवरचा राहत नाही.

पेटीत एक मोठी उणीव आहे : पोर्ट ब्लेअर. मार्च १९४२ पासून १९४५ पर्यंत ते जपानी सैन्याच्या ताब्यात होते. ज्या सेल्युलर तुरुंगाचे नाव मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे, तेथेच जानेवारी १९४४ मध्ये तिथले डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाणसिंग यांचा छळाने मृत्यू झाला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला जवळच्या होम्फ्रेगंज येथे हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या गेल्या. युरोपला इतकी जागा देणाऱ्या पेटीत आपल्याच माणसांवर एकही पान नसावे, हे मला मान्य नाही, आणि तसे मी वाचनालयाला लेखी कळवले आहे.

काही पुस्तिकांचा टाइप बारीक आहे, त्यामुळे वृद्धांसाठी वाचून दाखवणारा माणूस आधीच ठरवावा. पेटी मृगाच्या पेरणीआधी मागवावी. नंतर संध्याकाळी बसायला कोणालाच सवड नसते.