घोडं अडलं तेव्हा कळलं: वॉव क्लासिकमधल्या प्रोफेशनचा आठ महिन्यांचा अनुभव

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक (थोडक्यात वॉव क्लासिक) हा ऑनलाइन गेम खेळायला लागून आठ महिने झाले. माझी दोन कॅरेक्टर आहेत: एक वॉरियर (लढवय्या) 60 लेव्हलला पोचला, एक मेज (जादूगार) 42 वर रेंगाळतोय. लढाया, रेड (मोठ्या गटाने करायच्या मोहिमा), गिल्डमधली (खेळाडूंच्या संघातली) भांडणं यावर पुष्कळ लोक लिहितात. मी फक्त प्रोफेशनबद्दल, म्हणजे कॅरेक्टरला शिकवायच्या कामधंद्यांबद्दल लिहितोय, कारण या गेममध्ये माझा सगळ्यात जास्त वेळ आणि सोनं तिथेच गेलं, आणि निम्मं तर चुकीच्या निवडीमुळे गेलं.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुख्य प्रोफेशन नऊ आहेत आणि एका कॅरेक्टरला त्यातली दोनच घेता येतात. माइनिंग (खनिज), हर्बलिझम (वनस्पती) आणि स्किनिंग (कातडं) ही तीन गोळा करायची. ब्लॅकस्मिथिंग, लेदरवर्किंग, टेलरिंग, अल्केमी (औषधं), एन्चांटिंग (शस्त्रं-कपडे मंतरून त्यांची ताकद वाढवणं) आणि इंजिनिअरिंग ही सहा बनवायची. कुकिंग, फिशिंग आणि फर्स्ट एड या मोजणीत येत नाहीत, ती तिन्ही खुशाल शिका. कौशल्य 1 पासून 300 पर्यंत वाढतं. आणि मुख्य अट अशी की एखादं प्रोफेशन सोडलं की कमावलेलं कौशल्य आणि शिकलेल्या सगळ्या रेसिपी पुसल्या जातात. पुन्हा घ्यायचं ठरवलं तर परत एकपासून श्रीगणेशा.

मी वॉरियर घेतला आणि विचार न करता माइनिंग-ब्लॅकस्मिथिंग उचललं. चिलखत घालणाऱ्याने चिलखत बनवावं, यात चुकण्यासारखं काय आहे? ऐकायला बरोबर वाटतं, पण हिशेब वेगळाच निघतो. रेसिपीचे चार रंग असतात. नारिंगी बनवली की कौशल्य नक्की वाढतं, पिवळीने बहुतेक वेळा, हिरवीने क्वचित आणि करडीने अजिबात नाही. म्हणजे आपल्याला हवी ती वस्तू आपण बनवतच नाही. त्या घडीला जी नारिंगी किंवा पिवळी असेल ती बनवत बसतो. ग्रीन आयर्न ब्रेसर्स नावाचे मनगटबंद मी किती बनवले याची मोजदाद नाही. एका जोडीला लोखंडाच्या सहा कांड्या आणि एक हिरवा रंग. ऑक्शनमध्ये (खेळाडूंच्या लिलावात) त्याला कुत्रं विचारत नव्हतं, म्हणून शेवटी गेममधल्या दुकानदाराला पडेल त्या भावात दिले. त्याच सहा कांड्या तशाच विकल्या असत्या तर कितीतरी जास्त आले असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

वर आणखी गंमत म्हणजे मी बनवलेली शस्त्रं मला वापरायला कधी मिळालीच नाहीत. कौशल्य तिथवर नेईपर्यंत एखाद्या डंजनमधून (शत्रूंनी भरलेल्या भुयारातून) त्याहून चांगली तलवार हातात आलेली असायची. लेव्हल वाढवताना वस्तू इतक्या झपाट्याने जुन्या होतात की लोहाराची भट्टी कायम दोन पावलं मागेच राहते.

मग लेव्हल 40 आली. तेव्हा आमच्या सर्व्हरवर पहिला घोडा 80 गोल्डला आणि स्वारीचं शिक्षण 20 ला होतं, म्हणजे सगळे मिळून 100 गोल्ड (घोडा विकणाऱ्या गटाशी ओळख वाढवली असेल तर थोडी सूट). माझ्याकडे 31 होते. आमच्याबरोबर सुरुवात केलेल्या एकाने माइनिंग आणि स्किनिंग अशी दोन्ही गोळा करायचीच प्रोफेशन घेतली होती. तो चाळिशीला पोचला त्याच संध्याकाळी घोड्यावर बसला आणि माझ्याभोवती गोल गोल फिरून गेला. माझं घोडं अडलं ते असं, शब्दशः.

त्या रात्री मी ब्लॅकस्मिथिंग सोडलं. कौशल्य 180 च्या वर गेलेलं होतं. स्किल्सच्या यादीत छोटं लाल चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की गेम एकदाच विचारतो, नक्की का? मी हो म्हटलं आणि काही सेकंदांत आठवड्यांची मेहनत गायब झाली. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

त्याजागी स्किनिंग घेतलं, आणि या लेखात मनापासून कौतुक करायचं झालं तर ते याचंच. आपण मॉब (गेममधले प्राणी आणि शत्रू) मारतोच, कातडं फक्त काढायचं. जास्तीचा वेळ म्हणावा तर काही सेकंद. शिवाय नकाशा अडत नाही. क्लासिकमध्ये मिनीमॅपवर एका वेळी एकच गोष्ट शोधता येते, खनिज नाहीतर वनस्पती. माइनिंग आणि हर्बलिझम दोन्ही घेणाऱ्याला सारखं या दोघांत अदलाबदल करावं लागतं, आणि ते करताना निम्मे नोड (खनिज-वनस्पतीच्या जागा) डोळ्यांसमोरून निसटतात. स्किनिंगला असल्या शोधाची गरजच नाही, कारण शिकार समोरच पडलेली असते. दुसऱ्याने मारून लुटलेला प्राणी तो तसाच टाकून गेला तर त्याचं कातडंही आपण काढू शकतो. एक मेज लांडग्यांचे कळपच्या कळप गोठवून मारत होता आणि मी अर्धा तास मुकाट त्याच्या मागे चालत होतो. त्याने एकदा थांबून मला वाकून नमस्कारही केला.

अडचण एकच. लेव्हल 40 चा माणूस कौशल्य 1 वर असतो. गणित सरळ आहे: विसाव्या लेव्हलच्या पुढच्या प्राण्याला त्याच्या लेव्हलच्या पाचपट कौशल्य लागतं, म्हणजे 40 ला 200 आणि 60 ला 300. त्यामुळे मला परत वेस्टफॉल या खालच्या लेव्हलच्या प्रदेशात जाऊन रानडुकरं सोलत बसावं लागलं. तिथे नव्याने खेळायला आलेली मंडळी माझ्याकडे वेड्यासारखी बघत होती. दोन संध्याकाळी गेल्या, पण दहा दिवसांत घोडा आला.

माइनिंग मात्र मी कधीच सोडलं नाही. तांबं कौशल्य 1 पासून, कथील 65, लोखंड 125, मिथ्रिल 175, थोरियम 245 असे त्याचे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यावर नवा प्रदेश उघडतो. वितळवलेला माल विकावा की कच्चा, हा प्रश्न सगळे विचारतात. मी दोन्ही बघतो आणि ज्याचा भाव चढा असेल ते विकतो. फक्त बॅगेत जागा नसेल तर वितळवा, कारण खनिज एका खणात 10 मावतं आणि कांड्या 20.

ऑक्शन हाउसबद्दल नव्या खेळाडूला कोणी सांगत नाही ते सांगतो. वस्तू लावताना अनामत कापली जाते आणि वस्तू विकली गेली नाही तर ती परत मिळत नाही. विक्री झाली की वर 5 टक्के कमिशन जातं, तटस्थ (दोन्ही पक्षांना खुल्या) गॉब्लिन ऑक्शनमध्ये तर 15. तयार चिलखतं लावत बसलो तेव्हा नुसत्या अनामतीतच माझे बरेच पैसे गेले. कच्च्या मालावर अनामत नगण्य आणि तो रात्रीत उचलला जातो, कारण कोणीतरी कुठेतरी माझ्यासारखेच मनगटबंद बनवत बसलेला असतो.

मग बनवायचं प्रोफेशन घ्यायचंच नाही का? घ्यायचं, पण एक प्रश्न विचारून: यातली कोणती गोष्ट मी दर आठवड्याला स्वतः वापरणार आहे? मेजसाठी टेलरिंग घेतलं ते याच उत्तरावर. कापड माणसासारख्या शत्रूंकडून पडतं, त्यासाठी वेगळं प्रोफेशन लागत नाही. आणि बॅगा! लिननची 6 खणांची, लोकरीची 8, रेशमाची 10, मेजवीव्हची 12, रुनक्लॉथची 14. गेममध्ये असा एकही माणूस नाही ज्याची बॅग भरलेली नाही. रुनक्लॉथच्या बॅगेचा पॅटर्न विंटरस्प्रिंग प्रदेशातल्या एव्हरलुक गावात एक दुकानदारीण विकते, तोही मोजकाच. माझ्या वॉरियरने तिच्यासमोर तीन दिवस फेऱ्या मारून तो मिळवला आणि मेजला पोस्टाने पाठवला. बनवण्याच्या प्रोफेशनचा शेवटचा टप्पा लेव्हल 35 लाच उघडतो, त्यामुळे 42 चा मेजसुद्धा 300 चा शिंपी होऊ शकतो. कापड वॉरियर पुरवतो. त्या बॅगेला लागणारं रगेड लेदरही (एक जातीचं कातडं) त्यानेच सोललेलं होतं, स्किनिंग सोडण्याआधी (ते पुढे सांगतो) बँकेत साठवलेलं.

मेजचं दुसरं प्रोफेशन एन्चांटिंग. नको असलेल्या हिरव्या-निळ्या वस्तू मोडून त्यातून धूळ आणि तुकडे काढायचे, इथवर छान. पण एन्चांट ऑक्शनमध्ये लावता येत नाही. ट्रेड चॅटमध्ये ओरडायचं, गिऱ्हाईक येईपर्यंत उभं राहायचं, मग त्याच्या वस्तूवर ट्रेड विंडोमधून काम करायचं. मला ते जमत नाही. बोलक्या माणसाचा धंदा आहे तो. आणि दैवाचा खेळ बघा: एन्चांटिंगच्या काठीला लागणारा धातूचा दांडा ब्लॅकस्मिथच बनवतो. जे मी रागाने टाकलं त्याच्याच दारात चांदीचा दांडा मागत उभा होतो.

अल्केमी मी स्वतः केलेली नाही, गिल्डमधल्या एकाची रोज बघतो. हर्बलिझमच्या जोडीला ती घेतली तर रेड करणाऱ्यासाठी याहून शहाणी निवड नाही, कारण औषधं प्यायली की संपतात आणि दर आठवड्याला पुन्हा लागतात. शिवाय तो दर दोन दिवसांनी एक आर्केनाइट (धातूची मौल्यवान कांडी) बनवतो, एक थोरियमची कांडी आणि एक आर्केन क्रिस्टल घालून, आणि त्याची मजुरी घेतो. फ्लास्कसाठी (जास्त ताकदीच्या औषधांसाठी) मात्र त्याला स्कोलोमान्स नावाच्या डंजनच्या आतल्या प्रयोगशाळेपर्यंत लढत जावं लागतं. लेदरवर्किंगबद्दल माझं मत नाही.

दुसऱ्या गेममधून येणाऱ्यांना ही दोनाची मर्यादा जाचते. फायनल फँटसी 14 मध्ये एकच कॅरेक्टर आठही कारागिरी आणि तिन्ही गोळा करायची कामं शिकू शकतं. गिल्ड वॉर्स 2 मध्ये खाणकाम, झाडतोड सगळ्यांना खुली असते. ते सोयीचं आहे यात वाद नाही. पण क्लासिकमध्ये मला चांदीचा दांडा मागायला दुसऱ्या माणसाकडे जावं लागलं, आणि तोच आज आमच्या गिल्डचा टॅंक (पुढे उभा राहून मार झेलणारा) आहे.

60 ला पोचल्यावर वॉरियरने स्किनिंगही सोडलं आणि इंजिनिअरिंग घेतलं. पैशाच्या दृष्टीने हा शुद्ध मूर्खपणा. बऱ्याचशा वस्तू वापरायला समोरचाही इंजिनिअरच लागतो, त्यामुळे विकणार कोणाला? साठवलेल्या धातूतला बहुतेक त्यात गेला. कौशल्य 200 ला गॉब्लिन की नोम असा फाटा लागतो. मी गॉब्लिन घेतलं, कारण सॅपर चार्ज नावाचा बॉम्ब. तो लावला की शत्रूंबरोबर आपणही भाजून निघतो, आणि हीलर (जखमा भरून काढणारा) दर वेळी काहीतरी पुटपुटतो. पण हीच गोष्ट मी दर आठवड्याला वापरतो, रोज वापरतो. ब्लॅकस्मिथिंगने चार महिन्यांत जी मजा दिली नाही ती डायनामाइटच्या पहिल्या कांडीने दिली.

त्यातलं डायमेन्शनल रिपर नावाचं यंत्र थेट एव्हरलुकला नेऊन सोडतं. कधी कधी बिघडतं आणि पोचताना अंगाला आग लागलेली असते. तिथून बाहेर पडलं की विंटरस्प्रिंगमध्ये रिच थोरियमचे नोड, जाता जाता त्या दुकानदारिणीकडे एक नजर, आणि परतायला हर्थस्टोन (मुक्कामाच्या जागी परत नेणारा दगड). माझी हल्लीची सगळी कमाई याच फेरीतून होते. यंत्र एकदा वापरलं की चार तास बंद असतं. आत्ता वीस मिनिटं उरलीत.