बीटल्स मोनोत घ्यावेत की स्टिरिओत?

बीटल्सचे अल्बम नीट जमवायचे ठरवलं की पहिल्याच पायरीवर फाटा फुटतो. १९६३ ते १९६८ या काळातला त्यांचा प्रत्येक अल्बम लंडनच्या ईएमआय स्टुडिओत दोनदा मिक्स झाला, एकदा मोनोसाठी आणि एकदा स्टिरिओसाठी. मिक्स म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज कमीजास्त करून एकत्र बसवणं; मोनोत सगळं एकाच चॅनेलमधून येतं, स्टिरिओत डाव्या आणि उजव्या अशा दोन चॅनेलमधून. 'ॲबी रोड' (१९६९) आणि 'लेट इट बी' (१९७०) ब्रिटनमध्ये फक्त स्टिरिओत निघाले. 'यलो सबमरीन'चा मोनो म्हणजे स्टिरिओचेच दोन चॅनेल एकत्र केलेले. त्यामुळे या तिघांबाबत प्रश्नच उरत नाही. खरा पेच 'प्लीज प्लीज मी'पासून व्हाइट अल्बमपर्यंतच्या अल्बमांचा आहे.

मोनो म्हणजे जुनं आणि अपुरं, स्टिरिओ म्हणजे सुधारलेलं, असा समज घेऊन बसलात तर इथे चुकाल. त्या काळी इंग्लंडमधल्या घरांत बहुतेक मोनो रेकॉर्ड प्लेअर होते, त्यामुळे मेहनत मोनोवरच होई. 'सार्जंट पेपर'चे मोनो मिक्स होताना बीटल्स हजर असत आणि आपली मतंही देत. स्टिरिओ मिक्स नंतर, त्यांच्या गैरहजेरीत, निर्माते जॉर्ज मार्टिन आणि इंजिनिअर जेफ एमरिक यांनी त्या मानाने झटपट उरकले. म्हणजे १९६७ सालच्या अल्बममध्ये त्या चौघांना काय ऐकू यायला हवं होतं, हे मोनोतच कळतं. एवढ्यावर निवड करावी असं मी म्हणणार नाही, कारण कलावंताला हवं होतं तेच आपल्या कानाला रुचेल असा नियम नाही. पण दोन्ही मिक्स मुळात समान तोलाचे नव्हते, एवढं ध्यानात ठेवावं.

निर्णय झाला तो एका त्रासावर. हेडफोन लावल्यावर गाणारा माणूस एकाच कानात येऊन बसतो.

'प्लीज प्लीज मी' लावून पाहा. डाव्या कानात गिटार, बास आणि ड्रम, उजव्या कानात फक्त गळे. यामागचं कारण साधं आहे. त्यातली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात दोन-ट्रॅक मशीनवर रेकॉर्ड झाली. एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर आवाज. ही विभागणी स्टिरिओसाठी नव्हतीच. मोनो मिक्स करताना आवाज किती वर ठेवायचा आणि वाद्यं किती खाली, हे नंतर ठरवता यावं म्हणून ती सोय होती. पुढे त्याच टेपवरून स्टिरिओ काढायची वेळ आली तेव्हा एक ट्रॅक डावीकडे आणि एक उजवीकडे, याहून वेगळं फारसं काही करता येण्यासारखं नव्हतं.

ऑक्टोबर १९६३ मध्ये 'आय वाँट टू होल्ड युअर हँड'पासून चार ट्रॅक हाताशी आले, तरी खोड गेली नाही. चार ट्रॅक भरले की ते दुसऱ्या मशीनवर एक-दोन ट्रॅकमध्ये उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुढचं रेकॉर्डिंग करायचं, अशी पद्धत होती. एकदा बास, ड्रम आणि गिटार एका ट्रॅकवर उतरले की ते पुन्हा सुटे होत नाहीत. स्टिरिओत ते गाठोडं एकत्रच उचलून कुठेतरी ठेवावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते डाव्या टोकाला जातं. 'टॅक्समन'मध्ये बास, ड्रम आणि गिटार डावीकडे एकवटलेत, तर उजव्या कानात बराच वेळ काउबेल आणि टॅम्बोरिनच. 'रबर सोल'मध्ये अनेक गाण्यांत गळे उजवीकडे आणि वाद्यं डावीकडे. 'एलिनॉर रिग्बी'त एकट्या मॅकार्टनीचा आवाज उजवीकडे सरकलेला आहे. शिवाय पहिल्या कडव्याच्या सुरुवातीला कोरसचा दुहेरी आवाज क्षणभर बंद करायचा राहून गेला, त्यामुळे 'एलिनॉर' या नावाची पहिली अक्षरं दोन ठिकाणांहून येतात आणि मग आवाज एकदम एका बाजूला जातो. एकदा लक्षात आलं की दरवेळी खटकतं.

खोलीत दोन स्पीकर असतील तर हाच त्रास बराच कमी जाणवतो, कारण डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानापर्यंतही पोचतो आणि भिंतींवरून परतूनही येतो. हेडफोनमध्ये तशी सरमिसळ होत नाही. म्हणून निवड करताना आधी स्वतःला विचारावं, आपण ऐकणार कुठे? लोकलमध्ये, चालताना, रात्री घरचे झोपल्यावर, म्हणजे मुख्यतः हेडफोनवर ऐकत असाल तर १९६३ ते ६७ या वर्षांपुरता माझा कल स्पष्टपणे मोनोकडे आहे. अर्ध्या तासाने एक कान दमतो आणि दुसरा रिकामा वाटतो. हे कुठल्या उपकरणाने मोजलेलं नाही, पण कानाला कळतं. मोनोत बास आणि ड्रम गळ्याच्या मागे एकत्र उभे राहतात आणि रॉक गाण्याला लागणारा धक्का तिथून मिळतो.

रुंदीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी दोन्ही मिक्समध्ये खरे फरक आहेत, आणि ते जाणून घेतल्याशिवाय खर्च करू नये.

'सार्जंट पेपर'मधलं 'शीज लीव्हिंग होम' मोनोत वेगाने चालतं आणि सुमारे अर्ध्या सुराने वर आहे. स्टिरिओत तेच गाणं संथ आणि जड होतं. मला तरी मोनोच पटतो. घर सोडून निघालेल्या मुलीची पावलं त्या लयीत पडतात. 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स'मध्ये लेननच्या आवाजावरची फिरती लहर मोनोत कितीतरी गडद आहे. शीर्षकगीताची पुनरावृत्ती संपताना मॅकार्टनीचं ओरडणं मोनोत ठळक ऐकू येतं, स्टिरिओत जवळजवळ हरवतं. 'रिव्हॉल्व्हर'मधल्या 'यलो सबमरीन' या गाण्यात लेननचा ओळी परत उच्चारणारा आवाज मोनोत जरा आधी सुरू होतो.

'आय ॲम द वॉलरस'ची गोष्ट निराळी. २९ सप्टेंबर १९६७ ला मोनो मिक्स करताना रेडिओवर चालू असलेलं 'किंग लिअर' थेट त्यात मिसळलं गेलं. ते वेगळ्या ट्रॅकवर नव्हतं, त्यामुळे स्टिरिओसाठी पुन्हा मिसळता येईना. मग स्टिरिओ आवृत्तीत गाण्याचा उत्तरार्ध मोनोवरूनच घेऊन कृत्रिमपणे रुंद केला. दोन मिनिटांच्या सुमारास आवाजाचं पोत अचानक बदलतं ते यामुळे.

'रिव्हॉल्व्हर'मधलं 'लव्ह यू टू' मराठी कानाला आणखी एका कारणाने जवळचं. त्यातला तबला अनिल भागवत यांचा आहे आणि अल्बमच्या वेष्टनावर त्यांचं नावही छापलं आहे. एप्रिल १९६६ चं हे रेकॉर्डिंग. शेवटी लय चढते आणि गाणं हळूहळू विरत जातं. मोनोत हे विरणं काही सेकंद उशिरा होतं, म्हणजे तबला तेवढा जास्त ऐकायला मिळतो. छोटी गोष्ट आहे, पण हातातला ठेका रंगात आलेला असताना मिळालेले ते सेकंद मोलाचे वाटतात.

आता स्टिरिओची बाजू, कारण ती दुबळी नाही. 'अ डे इन द लाइफ'मध्ये लेननचा आवाज उजवीकडून सुरू होऊन हळूहळू डावीकडे जातो, आणि १० फेब्रुवारी १९६७ ला रेकॉर्ड झालेला चाळीस वादकांचा तो चढत जाणारा कल्लोळ स्पीकरवर खोली भरून टाकतो. मोनोत तो दाट होतो, पण पसरत नाही. 'विदिन यू विदाउट यू'मध्ये दिलरुबा आणि पाश्चात्त्य तंतुवाद्यं एकमेकांना उत्तरं देतात, तिथेही थोडी जागा मिळालेली बरी वाटते. सुरुवातीच्या अल्बमांत स्टिरिओने काही चुकाही जपून ठेवल्यात. 'प्लीज प्लीज मी' गाण्याच्या शेवटच्या कडव्यात लेनन शब्द चुकतो आणि पुढच्या ओळीत हसतो, हे स्टिरिओतच आहे. 'इफ आय फेल'मध्ये वरच्या सुरावर मॅकार्टनीचा गळा फाटतो तेही स्टिरिओतच. अशा खुणा आवडणाऱ्यांनी स्टिरिओ सोडू नये.

व्हाइट अल्बमवर (१९६८) मात्र तराजू स्टिरिओकडे झुकतो. तोवर आठ-ट्रॅक मशीन वापरात येऊ लागलं होतं आणि वाद्यं मांडायला मोकळीक होती. 'हेल्टर स्केल्टर' मोनोत पहिल्यांदा विरतं तिथेच संपतं. स्टिरिओत ते परत येतं आणि शेवटी रिंगो बोटांना फोड आल्याचं ओरडून सांगतो. फरक पाऊण मिनिटाहून जास्त आहे. 'रिव्होल्यूशन ९'चा स्वतंत्र मोनो मिक्स केलाच नाही, स्टिरिओच एकत्र केला. मोनोत 'डोन्ट पास मी बाय' वेगाने धावतं, ते एकदा कुतूहल म्हणून ऐकावं.

खरेदीला निघण्याआधी एक फुकटचा प्रयोग करून पाहा. स्ट्रीमिंगवर या जुन्या अल्बमांची साधारणपणे स्टिरिओ आवृत्तीच समोर येते. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग ऑडिओ अँड व्हिज्युअल इथे 'मोनो ऑडिओ' हे बटण आहे. अँड्रॉइडमध्येही ॲक्सेसिबिलिटीतच, बहुधा श्रवणाच्या विभागात मिळेल. ते चालू करून 'प्लीज प्लीज मी' आणि 'विथ द बीटल्स' ऐका. दोन ट्रॅक दोन टोकांना असल्यामुळे ते एकत्र आल्यावर तोल फारसा बिघडत नाही आणि निकाल खऱ्या मोनोच्या बऱ्यापैकी जवळ जातो. 'रिव्हॉल्व्हर' आणि 'सार्जंट पेपर'ला मात्र ही युक्ती पुरत नाही. मधोमध ठेवलेला आवाज कडेच्या आवाजांच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबलने पुढे येतो, त्यामुळे गळे पुढे आणि वाद्यं मागे पडतात. शिवाय वेग, लहरी आणि विरण्याचे जे फरक वर सांगितले ते बटण दाबून येत नाहीत. पण मोनोची एकूण चव आपल्याला रुचते का, एवढं यातून नक्की कळेल.

सीडी घ्यायची असेल तर साल पाहून घ्या. १९८७ च्या सीडींमध्ये पहिले चार अल्बम मोनोत आहेत, तर 'हेल्प!' आणि 'रबर सोल' हे जॉर्ज मार्टिन यांनी तेव्हा नव्याने केलेल्या स्टिरिओ मिक्समध्ये. ९ सप्टेंबर २००९ ला सगळ्या अल्बमांचे मोनो आणि स्टिरिओ असे दोन्ही सीडी संच एकाच दिवशी आले. मोनो संचावर आवाज वाढवण्यासाठी लिमिटिंग (मोठे आवाज दाबून बाकीचं वर उचलणं) केलेलं नाही, स्टिरिओवर थोडं आहे. त्यामुळे तुलना करताना मोनोचा आवाज किंचित वाढवून ऐका, नाहीतर मोठा वाटतो तोच चांगला वाटेल. मोनो संचातल्या 'हेल्प!' आणि 'रबर सोल'च्या सीडींवर १९६५ चे मूळ स्टिरिओ मिक्सही दिलेत, म्हणजे त्या दोन अल्बमांपुरतं एका खरेदीत दोन्ही हाती लागतं. रेकॉर्डवर ऐकणाऱ्यांसाठी २०१४ च्या मोनो आवृत्त्या थेट ॲनालॉग टेपवरून कापलेल्या आहेत. २०१२ च्या स्टिरिओ रेकॉर्ड डिजिटल मास्टरवरून निघाल्या.

एक मधला मार्गही आहे. २०१७ मध्ये जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी 'सार्जंट पेपर' नव्याने स्टिरिओत मिक्स केला, तो एकत्र उतरवण्याआधीच्या मूळ टेपपर्यंत मागे जाऊन. गळे मधोमध आहेत आणि 'शीज लीव्हिंग होम' मोनोच्या वेगाने चालतं. मोनोचाच नकाशा समोर ठेवल्याचं ऐकताना कळतं. २०२२ च्या 'रिव्हॉल्व्हर'मध्ये एका ट्रॅकवर अडकलेली वाद्यं संगणकाच्या मदतीने सुटी केली, त्यामुळे 'टॅक्समन'चं ते गाठोडं पहिल्यांदाच मोकळं झालं. हेडफोनवर ऐकायला हे मिक्स सुखाचे आहेत, फक्त आवाजाचा चढउतार जरा दाबलेला वाटतो. त्या २०२२ च्या मोठ्या संचात 'रिव्हॉल्व्हर'चा मोनोही आहे, आणि फक्त एकच अल्बम दोन्ही रूपांत ताडून पाहायचा असेल तर मी तोच सुचवेन.

जुनी रेकॉर्ड घेणार असाल, उदाहरणार्थ मुंबईच्या चोर बाजारात, तर मुखपृष्ठावर विसंबू नका. ब्रिटिश पार्लोफोनच्या लेबलवर क्रमांकाआधी पीएमसी असेल तर मोनो, पीसीएस असेल तर स्टिरिओ. 'सार्जंट पेपर' दोन्हींत ७०२७ आहे. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेली अक्षरंही पाहा: एक्सईएक्स म्हणजे मोनो, वायईएक्स म्हणजे स्टिरिओ. वेष्टन एकाचं आणि आत तबकडी दुसऱ्याची, असं घडू शकतं. कोलकात्याजवळ डमडमला छापलेल्या भारतीय रेकॉर्डही बाजारात दिसतात. त्या काळच्या जड हाताच्या चेंजरवर (एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणाऱ्या प्लेअरवर) वाजून वाजून त्यांच्या खाचा झिजलेल्या असण्याची शक्यता मोठी. उजेडात तिरपी धरली आणि चमक जाऊन राखाडी छटा दिसली तर ठेवून द्या. वाजवून पाहायला मिळालं तर बाजूचं पहिलं गाणं लावू नका. सुई आत जाते तशी खाचेची गती कमी होते आणि झीज सर्वांत जास्त तिथे कळते. 'सार्जंट पेपर' असेल तर दुसऱ्या बाजूचं शेवटचं 'अ डे इन द लाइफ' लावा आणि वाद्यवृंद चढू लागला की आवाज फाटतो का ते ऐका. मोनो रेकॉर्ड असेल तर ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा. सुईच्या वरखाली हालचालीतून येणारी खरखर त्याने बरीच मिटते, कारण मोनो खाचेतलं संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. बटण नसेल तर संगीत मधोमध आणि खरखर आजूबाजूला पसरलेली ऐकू येईल. तेवढ्यावरून रेकॉर्ड वाईट ठरवून परत करू नका.