जीभ दाखवणारं स्वरांचं ॲप: चित्र झकास, माईक बेकार (पाचपैकी तीन स्टार)

आमची जिल्हा परिषदेची शाळा, पोरं बॅटला ब्याट अन् बँकेला ब्यांक म्हणतात, म्हणून इंग्रजीच्या तासासाठी हे ॲप घेतलं. जिभेचं चित्र जबरदस्त आहे बाप्पा. प म्हणताना ओठ मिटतात, ट ला जीभ वर टेकते, ते पोरांना दाखवता येते, पण स्वरात हवा कुठं अडतच नाही तर दाखवावं काय? इथं तोंडात जीभ कुठं आहे ते दाखवणारा एक चौकोन आहे, त्याच्यावर बोट वरून खाली सरकवलं की ई, ए, ॲ, आ अशी जीभ खाली उतरते अन् जबडा उघडत जाते (हनुवटीखाली बोट धरून स्वतःच म्हणून पाहा, बोट दबते). आडवं सरकवलं की जीभ मागे. ओठाचं बटन वेगळं, अन् खरी मजा तिथंच, जीभ ई वरच ठेवून ओठ गोल केले की फ्रेंचमधला एक स्वर निघते जो आपल्या मराठीत नाहीच, पोरं हसून हसून बेजार.

चौकोनावरचे आठ ठिपके डॅनियल जोन्स या इंग्रज उच्चारशास्त्रज्ञाचे, 1917च्या सुमारासचे. ते मोजायच्या खुणा आहेत, इंग्रजीचे स्वर नाहीत, पण ॲपमध्ये हे कुठंच लिहिलेलं नाही, नवीन माणूस तेच पाठ करत बसंल.

आता माईक, याचे वेगळे पैसे घेतात. तुमच्या आवाजातल्या दोन मुख्य फ्रिक्वेन्सी मोजून ठिपका टाकते, जबडा जितका उघडा तितकी पहिली जास्त, जीभ जितकी पुढे तितकी दुसरी जास्त. माझा ठिपका बरोबर येते. पाचवीतल्या पोराचा चौकोनाच्या बाहेर! अरे, लेकराचा गळा-तोंड लहान, दोन्ही आकडे वर जाणारच ना, मोठ्या पुरुषाची ई दुसऱ्या आकड्यात साधारण 2300 हर्ट्झ तर लेकराची 3200च्या आसपास, हे तर 1952 पासून मोजलेलं आहे. वय विचारायचा एक रकाना टाकला असता तर काय बिघडत होतं? मेल केला तर उत्तर काय, शांत जागी रेकॉर्ड करा. पोरगं बरोबर म्हणून राहिलं अन् स्क्रीनवर लाल फुली, हिरमुसलं बिचारं.

डीएड-बीएडवाल्यांनी फुकटवालं घ्या, टॉवर नसला तरी चालते. माईकचे पैसे भरू नका.