नुसतं चँपव्हीए, की जोडीला नोकरीचा विमा? ब्रँडच्या औषधांचा हिशेब

माझे पती चार वर्षं अमेरिकी लष्करात होते. सेवेतल्या दुखापतीमुळे पुढे व्हीएने (माजी सैनिकांसाठीच्या अमेरिकी सरकारी खात्याने) त्यांचं अपंगत्व पूर्ण आणि कायमचं ठरवलं, आणि तेव्हापासून मला चँपव्हीए, म्हणजे अशा सैनिकांच्या कुटुंबासाठीचा व्हीएचा आरोग्यविमा, मिळालं. नोव्हेंबरच्या आसपास माझ्या ऑफिसात पुढच्या वर्षाचा विमा निवडायची मुदत येते आणि दर वर्षी घरात तीच चर्चा होते: पगारातून पैसे कापून नोकरीचा विमा घ्यायचा, की चँपव्हीएवर भागवायचं? डॉक्टर, हॉस्पिटल यांचं गणित फारसं अडत नाही. अडतं ते ब्रँडच्या औषधांवर. इथल्या मराठी मंडळींतही अशी घरं आहेत, म्हणून मी मांडलेला हिशेब लिहिते आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ट्रायकेअर (लष्कराचा आरोग्यविमा) की चँपव्हीए, ही निवड आपल्या हातात नसते. ज्याला ट्रायकेअर मिळू शकतं त्याला चँपव्हीए मिळत नाही. साधारण वीस वर्षं सेवा करून निवृत्त झालेल्यांचं कुटुंब ट्रायकेअरकडे जातं. चँपव्हीए १९७३ साली सुरू झालं ते वेगळ्या घरांसाठी: सेवेमुळे पूर्ण आणि कायमचं अपंगत्व आलेल्या किंवा त्यातूनच मृत्यू झालेल्या सैनिकाची पत्नी वा पती, आणि मुलं.

मी रोज दोन गोळ्या घेते, आणि ब्रँड म्हणजे काय हे मला त्या दोन गोळ्यांनीच शिकवलं. एक थायरॉइडची, सिंथ्रॉइड. तिचं जेनेरिक, म्हणजे तेच औषध ब्रँडच्या नावाशिवाय (लेव्होथायरॉक्सिन), कुठेही स्वस्तात मिळतं. दुसरी रक्त पातळ ठेवणारी एलिक्विस. तिच्या जेनेरिकला एफडीएने (औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी संस्थेने) २०१९ सालीच मान्यता दिली, पण पेटंटच्या निकालांमुळे ते अमेरिकेत एप्रिल २०२८ च्या आधी दुकानात येणार नाही. पहिल्या गोळीत प्रश्न असतो, 'जेनेरिक असताना ब्रँड का?' दुसरीत पर्यायच नसतो. तुमचं औषध यातलं कुठलं, हे ठरल्याशिवाय कुठल्याही दोन विम्यांची तुलना करू नका. साताऱ्यातले माझे बाबा फौजेतून निवृत्त झालेले. ईसीएचएसच्या (भारतातल्या माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेच्या) पॉलिक्लिनिकमधून औषधं आणली की ते पाकिटावरचं कंपनीचं नाव सोडून आतलं 'सॉल्ट', म्हणजे मूळ औषधाचं नाव, वाचतात. ती सवय इथेही उपयोगी पडते.

आता नुसतं चँपव्हीए ठेवलं तर काय होतं ते बघू. इथे औषधाला दोन वाटा आहेत. पहिली मेड्स बाय मेल: रोजची, दीर्घकाळ चालणारी औषधं टपालाने घरी येतात आणि एक पैसाही पडत नाही. डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षाला आपण भरायची रक्कम) नाही, कोपे (दर वेळी आपल्याला भरावा लागणारा वाटा) नाही. अट एकच, आणि ती फार महत्त्वाची: तुमच्याकडे औषधं कव्हर करणारा दुसरा कुठलाही विमा नसला पाहिजे. जेनेरिक असेल तर जेनेरिकच येतं. ब्रँड हवा असेल तर तो का लागतो हे डॉक्टरांना लिहून द्यावं लागतं. माझ्या बाबतीत जेनेरिकची कंपनी बदलली की टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) हलायचा, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला जावं लागायचं. डॉक्टरांनी ते दोन रिपोर्ट जोडून कारण लिहिलं, तेव्हा काम झालं. 'पेशंटला ब्रँड आवडतो' एवढ्यावर होत नाही. जेनेरिकच नसलेली ब्रँडची गोळी मेड्स बाय मेलच्या साठ्यात असेल तर तीही फुकट येते. मात्र प्रत्येक औषध तिथे असतंच असं नाही.

दुसरी वाट म्हणजे कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान. तिथे वर्षाला माणशी ५० डॉलर (कुटुंबाला १००) डिडक्टिबल, आणि त्यानंतर मान्य किमतीच्या २५ टक्के आपले. समजा, ब्रँडचं औषध महिन्याला ६०० डॉलरचं आहे आणि ते टपालाने मिळत नाही. पहिल्या महिन्यात १८७ डॉलर ५० सेंट, पुढे दरमहा १५०, वर्षाचे साधारण १,८३८ डॉलर. औषध १,२०० डॉलरचं असेल तर? तेव्हा चँपव्हीएची वार्षिक मर्यादा कामाला येते: कव्हर असलेल्या सगळ्या खर्चापोटी पूर्ण कुटुंबाच्या खिशातून वर्षाला ३,००० डॉलर गेले की पुढचं सगळं त्यांचं.

मला वाटतं, सगळ्या निर्णयाची किल्ली याच आकड्यात आहे. ३,००० भागिले बारा म्हणजे महिन्याला २५०. नोकरीच्या विम्यासाठी पगारातून महिना २५० डॉलरहून जास्त कापले जात असतील, तर केवळ औषधांसाठी तो विमा कधीच परवडत नाही. ६०० डॉलरच्या औषधाला तर ही परवडण्याची रेघ महिना १५३ वरच येते. आणि तेच औषध मेड्स बाय मेलने मिळत असेल तर रेघ शून्यावर, कारण नोकरीचा विमा घेतलात की ते फुकटचं दार बंद होतं.

मग लोक नोकरीचा विमा घेतात कशासाठी? कारण चँपव्हीए दुसऱ्या क्रमांकाचा विमा म्हणून फार चांगला चालतो. आधी नोकरीचा विमा पैसे देतो, आणि उरलेला कोपे चँपव्हीए उचलतं. बहुतेक वेळा खिशातून काहीच जात नाही. कंपनी हप्ता जवळजवळ सगळा भरत असेल आणि तुमचं औषध टपालाच्या वाटेवर मिळत नसेल, तर हा पर्याय नक्की सरस. फक्त त्यात कष्ट आहेत, ते आधी कळलेले बरे.

गेल्या खेपेला नोकरीचा विमा घेतला होता तेव्हाची गोष्ट. दुकानातल्या काउंटरवर मी दोन्ही कार्डं पुढे केली. तिथल्या मुलीने पहिलं कार्ड चालवलं, दुसरं यंत्राने घेतलं नाही, आणि मागे रांग वाढत होती. मी ९० डॉलर भरून बाहेर आले. गाडीत बसल्यावर पावती पाहिली तर त्यावर औषधाचं नाव आणि रक्कम एवढंच. क्लेमसाठी ते पुरत नाही. परत आत जाऊन सविस्तर प्रिंट मागितली: औषधाची ताकद, गोळ्यांची संख्या, आणि एनडीसी नंबर, तो प्रत्येक औषधाचा स्वतःचा क्रमांक. पहिल्या विम्याचं 'काय दिलं, काय उरलं' सांगणारं पत्र आल्यावर ते, ही प्रिंट आणि फॉर्म १०-७९५९ए असं सगळं पाठवलं, तेव्हा पैसे परत आले. क्लेमला औषध घेतल्यापासून एक वर्षाची मुदत असते. ज्यांना कागद सांभाळणं जमत नाही त्यांनी या पर्यायाचा फायदा कागदावर दिसतो त्यापेक्षा कमीच धरावा. दुसरा विमा घेतला किंवा सोडला की फॉर्म १०-७९५९सी भरून कळवावं लागतं. सोडल्याचं कळवलं नाही, तर चँपव्हीएच्या लेखी तो विमा चालूच राहतो आणि क्लेम अडकतात.

आणखी एक: ब्रँडच्या कंपन्या कोपे कमी करणारी कार्डं वाटतात, 'महिन्याला १० डॉलर' वगैरे. ती सरकारी योजनांना चालत नाहीत, चँपव्हीए आणि ट्रायकेअर दोन्हींना. तुलना करताना ते १० डॉलर धरू नका.

पासष्टी जवळ आलेल्यांचा प्रश्न थोडा निराळा. चँपव्हीए टिकवायचं तर मेडिकेअरचे (पासष्टीनंतरच्या सरकारी विम्याचे) पार्ट ए (हॉस्पिटल) आणि बी (डॉक्टर) घ्यावेच लागतात. पार्ट डी (औषधांचा विमा) मात्र सक्तीचा नाही, आणि तो घेतला की मेड्स बाय मेल बंद. चँपव्हीए असताना पार्ट डी उशिरा घेतला तरी दंड लागत नाही, म्हणून घाबरून पहिल्याच वर्षी घेऊ नये. पार्ट डीमध्ये २०२६ साली औषधांवरचा स्वतःचा खर्च २,१०० डॉलरवर थांबतो, आणि एलिक्विसची मेडिकेअरने ठरवलेली किंमत महिन्याला २३१ डॉलर आहे. टपालाने न मिळणारी दोन-तीन महागडी औषधं असतील तरच मी याचा विचार करेन.

ट्रायकेअरच्या घरांना टक्केवारीची चिंता नसते, तिथे कोपे ठरलेला. २०२६ साली ब्रँडला दुकानात ३० दिवसांचे ४८ डॉलर, टपालाने ९० दिवसांचे ४४; ट्रायकेअरच्या औषधयादीबाहेरच्या औषधाला ८५. लष्करी तळावरच्या फार्मसीत शून्य. पण जेनेरिक असताना ब्रँड हवा असेल तर डॉक्टरांनी त्यासाठीचा खास फॉर्म भरून मंजुरी घ्यावी लागते, नाहीतर पूर्ण किंमत आपल्यावर. रोजच्या काही ब्रँडच्या औषधांना दुकानातून दोनदाच मिळतं, पुढे टपाल किंवा तळ. तळ घरापासून तासाभरावर असेल तर मी तरी तीन महिन्यांतून एकदा गाडी काढेन.

यंदा मी नोकरीचा विमा घेतलेला नाही. मुदतीच्या आधी मेड्स बाय मेलला फोन करून दोन्ही गोळ्यांची नावं आणि मिलिग्रॅम सांगितले, आणि दोन्ही मिळतील ना, हे विचारून घेतलं. तीन आठवड्यांच्या गोळ्या उरल्या की पुढची ऑर्डर टाकते. भारतात पार्सल येत नाही, म्हणून पुण्याला जायचं असेल तर ९० दिवसांच्या बाटल्या निघण्याआधीच हातात हव्यात.