वर्डस्टार 7.0: हात जागचे न हलवता लिहिण्याची सोय

वर्डस्टार हा लेखनाचा जुना प्रोग्रॅम (वर्ड प्रोसेसर). विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीवरची त्याची शेवटची आवृत्ती, 7.0 रिव्हिजन डी, डिसेंबर 1992ची. आजच्या लॅपटॉपवरही ती चालते. इंग्रजीतून पुस्तक, प्रबंध, अनुवाद असं लांबलचक काम करणाऱ्याने ती महिनाभर तरी वापरून पाहावी. मराठी लिहिण्यासाठी मात्र तिचा उपयोग नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

एके काळी आपल्याकडे कॉम्प्युटरचा क्लास म्हणजे 'वर्डस्टार, लोटस, डीबेस' असायचा. त्यातलं वर्डस्टार आधी शिकवण्यात शहाणपण होतं, कारण तीच बटणं पुढे कामाला यायची. प्रोग्रॅमिंगसाठीच्या बोरलँडच्या टर्बो पास्कलच्या एडिटरमध्येही मजकूर हलवायचा तर वर्डस्टारचाच कंट्रोल+के.

सेमूर रुबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो कंपनीसाठी रॉब बार्नबी यांनी हा प्रोग्रॅम लिहिला, आधी सीपी/एम या डॉसपूर्वीच्या प्रणालीसाठी. डॉसवर तो 1982मध्ये आला. पुढे कंपनीने 'वर्डस्टार 2000' काढून स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. नाव तेच, पण बटणं सगळी बदललेली. बोटांना नवं वळण लावायचंच असेल तर ते वर्डपरफेक्ट या प्रतिस्पर्धी प्रोग्रॅमचं का लावू नये, असा विचार करून बरेच जण तिकडे गेले. 1987च्या 4.0 आवृत्तीत जुनी बटणं परत आली, तोवर उशीर झाला होता. मग विंडोज आलं, आणि वर्डपरफेक्टसकट सगळ्यांची जागा मायक्रोसॉफ्ट वर्डने घेतली.

आता मुद्द्याचं. वर्डस्टार बाण-बटणांवर आणि माउसवर विसंबून नाही. कंट्रोल दाबून ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. ही चार अक्षरं कीबोर्डवर चौकटच्या आकारात बसतात, म्हणून याला 'डायमंड' म्हणतात. त्याच ओळीत दोन्ही बाजूंना सरकलं की ए आणि एफ: एक शब्द मागे, एक शब्द पुढे. आर आणि सी पानभर वर-खाली नेतात. आधी कंट्रोल+क्यू दाबला की तीच हालचाल मोठी होते. क्यू-एस ओळीच्या सुरुवातीला, क्यू-डी शेवटी, क्यू-आर फाईलच्या आरंभी, क्यू-सी अखेरीस. पाठ करायला फारसं काही उरत नाही, कारण बटणाची जागाच दिशा सांगते. कंट्रोल+जी एक अक्षर खोडतं, टी पुढचा शब्द, वाय अख्खी ओळ.

खरी थोरवी ब्लॉकमध्ये, म्हणजे खूण करून निवडलेल्या मजकुरात आहे. वर्डमध्ये परिच्छेद निवडलात की दुसरं काही करता येत नाही. बाणाला बोट लागलं तर निवड गेली, अक्षर दाबलं गेलं तर निवडलेला मजकूरच पुसला गेला. वर्डस्टारमध्ये ब्लॉक आणि कर्सर यांचा एकमेकांशी संबंध नाही. सुरुवातीला कंट्रोल+के, बी. शेवटी कंट्रोल+के, के. एवढी खूण केली की ती तिथेच राहते. तुम्ही चाळीस पानं पुढे जा, वाचा, दोन वाक्यं दुरुस्त करा, हा मजकूर कुठे शोभेल ते ठरवा. जागा सापडली की के-व्ही दाबा, ब्लॉक तिथे येतो. नक्कल हवी तर के-सी, पुसायचा तर के-वाय. ब्लॉकच्या सुरुवातीला जायला क्यू-बी. शिवाय के आणि 0 ते 9 यांपैकी एखादा आकडा दाबला की त्या जागी खूण राहते, क्यू आणि तोच आकडा दाबला की कर्सर तिथे पोचतो. कागदी हस्तलिखितात पेन्सिलीने खुणा करत पुढे जाणाऱ्या माणसाच्या सवयीशी हे तंतोतंत जुळतं. उभा स्तंभ उचलायचा असेल तर के-एन दाबून ब्लॉक स्तंभाचा करता येतो, तक्त्यातला एखादा रकाना हलवायला फार उपयोगी.

मेनूची रचनाही विचार करून केलेली आहे. कंट्रोल+के दाबून पुढचं अक्षर लगेच दाबलंत तर मेनू दिसतच नाही. क्षणभर अडखळलात तर तो उघडतो. शिकणाऱ्याला मदत मिळते आणि सरावलेल्याला अडथळा होत नाही. 7.0मध्ये सुरुवातीला वरून उघडणारे मेनू दिसतात. कंट्रोल+जे आणि पुन्हा जे दाबून मदतीची पातळी 3 करा, हात बसला की 1.

पानाची मांडणी डॉट कमांडने, म्हणजे टिंबाने सुरू होणाऱ्या सूचनेने होते. ही कमांड ओळीच्या पहिल्याच रकान्यात हवी. आधी एक मोकळी जागा सुटली तरी ती मजकूर म्हणून छापली जाते, आणि नवशिक्याची हीच चूक सगळ्यात जास्त होते. डॉट पीए म्हणजे नवं पान. डॉट सीपी 5 म्हणजे पानावर पाचपेक्षा कमी ओळी उरल्या असतील तरच नवं पान, म्हणजे मथळा एकटा तळाशी लोंबकळत नाही. पानाची लांबी ठरवणारं डॉट पीएल मुळात 66 ओळींचं आहे, कारण अमेरिकी कागद 11 इंची आणि इंचाला 6 ओळी. आपला ए-फोर 11.69 इंचांचा. फाईलच्या पहिल्या ओळीत डॉट पीएल 70 लिहिलं नाही तर दर पानाला चार ओळींची जागा वाया जाते.

बसवायचं कसं? कॅनेडियन विज्ञानकथालेखक रॉबर्ट सॉयर यांनी ऑगस्ट 2024मध्ये 7.0चा पूर्ण संच, स्कॅन केलेल्या मॅन्युअलसह, मोफत उपलब्ध करून दिला. मूळ कंपनी 1994मध्ये सॉफ्टकी समूहात विलीन झाली आणि आज ना कुणी हे विकतं, ना दुरुस्त करतं. आजच्या मशीनवर डॉसचे प्रोग्रॅम चालवायला वेगळा प्रोग्रॅम लागतो. विंडोजवर व्ही-डॉस-प्लस घ्या, त्यातून विंडोजच्या प्रिंटरवर छापता येतं. मॅक किंवा लिनक्सवर डॉसबॉक्स-एक्स. त्यानंतर कॅप्स लॉकचं बटण कंट्रोल करून टाका. विंडोजवर पॉवरटॉइजमधल्या कीबोर्ड मॅनेजरने ते होतं. हे टाळू नका. डायमंड बेतला गेला तेव्हा अनेक कीबोर्डांवर कंट्रोल हे ए अक्षराच्या डावीकडेच असायचं. आजच्या कोपऱ्यातल्या कंट्रोलवर करंगळी दिवसभर वाकडी ठेवलीत तर मनगट दुखेल आणि दोष वर्डस्टारला जाईल.

काही धोके. साध्या डॉसबॉक्समध्ये कंट्रोल+एफ9 दाबलं की न विचारता सगळं बंद होतं, न साठवलेलं लिखाण गेलं. दर परिच्छेदाला कंट्रोल+के, एस ही सवय लावा. जतन करताना आधीची प्रत बीएके नावाने राहते, ती पुसू नका. कंट्रोल+यू फक्त शेवटचं खोडलेलं परत आणतं, वर्डसारखी शंभर पावलं मागे जाण्याची सोय इथे नाही. फाईलच्या नावाला आठच अक्षरं आणि पुढे तीन, म्हणून प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल करून आकड्यांची नावं द्या. वर्डस्टारची सवय घेऊन ब्राउझरमध्ये गेलात तर कंट्रोल+डब्ल्यू दाबताना जपा. इथे त्याने मजकूर सरकतो, तिथे टॅब बंद होतो.

जुन्या 3 आणि 4 आवृत्त्यांतल्या फाईली दुसरीकडे उघडल्या की शब्दांची शेवटची अक्षरं विचित्र दिसतात. फाईल बिघडलेली नसते. साध्या इंग्रजी अक्षराला सातच बिट लागतात, आणि उरलेला आठवा बिट वर्डस्टार स्वतःच्या खुणांसाठी वापरायचं. 127पेक्षा मोठ्या प्रत्येक बाइटमधून 128 वजा केले की मजकूर मोकळा होतो, मग डॉट कमांड आणि ठळक-अधोरेखित यांच्या खुणा हाताने काढायच्या. मराठीची अडचणही इथेच आहे. डॉसवर भारतीय लिपी दाखवणाऱ्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामागचा अक्षरसंकेत म्हणजे इस्की, त्यातली भारतीय अक्षरं 128च्या वरच्याच भागात बसवलेली होती, म्हणजे वर्डस्टारच्या खुणांच्या जागेत. आणि युनिकोड तर वर्डस्टारच्या हयातीत त्यात आलंच नाही.

बटणं तीच हवी, पण डॉस नको, असं असेल तर लिनक्सवर 'जो' एडिटर घ्या आणि तो 'जेस्टार' या नावाने सुरू करा. डायमंड आणि कंट्रोल+के तिथे जसेच्या तसे आहेत. युनिकोडही आहे, तरी टर्मिनलच्या खिडकीत जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसत नाहीत, त्यामुळे मराठीसाठी तोही पुरा पडत नाही.