स्टॉलच्या नावाखाली आमची 'सुरमई' पळवली, कॅरेक्टर बनवणाऱ्यांनी वाचा

सुरमई म्हणजे आम्ही काही जणांनी मिळून बनवलेलं गाणारं पात्र, चित्र आणि आवाज सगळं आमचं. आधीच सांगते, कुठल्या मोठ्या कंपनीने आमची आयडिया ढापली असं हे प्रकरण नाहीये. ढापणारा आमच्यातलाच, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो, ज्याच्या एका मेसेजवर पोरं रात्री बारा वाजता ड्रॉइंग सुधारून द्यायची. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे आणि वकीलताईंनी सक्त ताकीद दिलीये.

ज्यांना असल्या गाणाऱ्या पात्रांचा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. जपानमधे २००७ च्या ऑगस्टमधे हात्सुने मिकू आली, म्हणजे खरं तर गाणारं सॉफ्टवेअर आणि त्याच्या खोक्यावर एक मुलगी. तिच्या हातात जी लीकची, म्हणजे कांद्याच्या पातीसारख्या भाजीची, काडी दिसते ना ती कंपनीने दिलेलीच नाही, फॅन लोकांच्या एका व्हिडिओतून आली आणि चिकटली ती चिकटलीच. पुढच्या वर्षी काही लोकांनी एप्रिल फूल म्हणून कासाने तेतो नावाची खोटीच गायिका बनवली, ती एवढी आवडली की युटाऊ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधे तिला खरा आवाज मिळाला, आणि २०२३ मधे ती विकतच्या सॉफ्टवेअरमधे पण आली. चेष्टेतून जन्मलेलं पात्र पंधरा वर्षं टिकतं आणि कमावतं, हे बघूनच आपल्याकडे एक मराठी गाणारी असावी असं आमच्या डोक्यात आलं.

तर सुरमई. नाव गिरगावच्या एका मुलाने सुचवलं. चित्र भांडुपच्या मैत्रिणीचं, केसात चंदेरी-निळ्या रेघा, लोकलच्या हँडलसारखे कानातले, हेडफोनच्या वायरला गुंडाळलेली वेणी. पहिल्या चित्रात तिने लुगडं घोट्यापर्यंत काढलं होतं तर वर्सोव्याची एक मुलगी, स्वतः कोळीवाड्यातली, तिने सगळ्यांसमोर झापलं की अगं अशी नेसली तर ती पाण्यात उतरणार कशी, मग ते गुडघ्यावर आलं. आणि आवाज माझा.

आवाज देणं म्हणजे काय ते सांगते कारण पुढे त्याचाच संबंध आहे. एकाच सुरात एकेक अक्षर म्हणून रेकॉर्ड करायचं, का कि कु के को. जपानी यादी तयार मिळते पण त्यात ळ कुठला, ण कुठला, आणि चहाचा च वेगळा नि चमच्याचा च वेगळा हे त्यांना काय माहीत. ती सगळी यादी आम्ही नव्याने केली. लालबागला आमची दहा बाय बाराची खोली, मधे आई, बाबा, टीव्ही. मी गोधडी डोक्यावरून घेऊन माइक मांडीत धरून बसायची, घामाने चिंब. मग प्रत्येक फाइलमधे व्यंजन कुठे संपतं, स्वर कुठून ताणायचा हे मिलिसेकंदात लावायचं, त्याला ओटो म्हणतात, आणि ते काम इतकं किचकट आहे की ते चोरायची इच्छा कुणाला होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दादाने काय केलं? ग्रुप काढला, ड्राइव्हचं फोल्डर काढलं, इन्स्टाचं पेज काढलं, पासवर्ड स्वतःकडे ठेवले. बास. बोलायला मात्र गोड. "आपलं सगळ्यांचं बाळ आहे" हे वाक्य त्याने इतक्या वेळा टाकलं की आम्ही त्याचा स्टिकर बनवला होता.

गोरेगावच्या कॉनला, म्हणजे कॉमिक-ॲनिमेवाल्या फॅन लोकांच्या मेळाव्याला, स्टॉल घ्यायचा ठरलं तिथून खरा खेळ सुरू झाला. प्रत्येकी १,५०० रुपये, त्याच्या यूपीआयवर. सोबत एक गुगल फॉर्म, नाव, फोन, टीशर्टची साइज, व्हेज की नॉनव्हेज, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ की या प्रोजेक्टसाठी दिलेल्या सर्व कामाचे हक्क प्रोजेक्ट हेडकडे राहतील. टीशर्टच्या साइजखाली हक्क! प्रोजेक्ट हेड हा शब्दच ग्रुपवर त्याआधी कोणी वापरला नव्हता.

स्टॉलवर पोचलो तर बॅनरवर सुरमईच्या शेजारी निर्माता म्हणून त्याचं एकट्याचं नाव. भांडुपवालीने तिथेच विचारलं, दादा आमची नावं? तर म्हणे जागा नव्हती, प्रिंटवाल्याने कापली. बरं, आणि तिथे विकायला टीशर्ट होते ज्यांच्याबद्दल आम्हाला काहीच माहीत नव्हतं. ते एका टीशर्टवाल्याचे, आणि गप्पांच्या ओघात त्याच्याच माणसाकडून कळलं की स्टॉलचं भाडं पूर्ण त्यांनी भरलंय. मग आमचे पैसे? हिशेब मागितला तर "चहापाणी, ट्रान्सपोर्ट, प्रिंटिंग", आणि दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढलं. एकेक करून बाकीच्यांनाही.

फोल्डरचा ॲक्सेस पण गेला, आणि इथे एक कामाची गोष्ट. पर्सनल गुगल ड्राइव्हवर तुम्ही दुसऱ्याच्या फोल्डरमधे फाइल टाकली तरी फाइलची मालकी तुमचीच राहते, फोल्डर हातचं गेलं तरी फाइल तुमच्या खात्यात बेवारस पडून असते, सर्चमधे शोधली की तारखेसकट सापडते. माझ्या सगळ्या मूळ रेकॉर्डिंग अशाच मिळाल्या. दादाने त्या डाउनलोड करून स्वतःच्या नावाने परत चढवल्या होत्या, त्यावर नव्या तारखा.

त्यानंतर जे झालं त्याने मात्र डोकंच फिरलं. माझ्या यूट्यूब चॅनलवर सुरमईचं पहिलं गाणं होतं, त्यावर दादाचा कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे हे माझं आहे अशी तक्रार, आणि गाणं गायब. माझ्याच आवाजावर! फोन केला. म्हणाला, "अगं कोणीतरी एकाचं नाव लागतं ना फॉर्मवर, मी फक्त ते केलं." मी म्हटलं दादा, एकाचंच लागतं तर ते तुझंच का? तर म्हणे तू अजून लहान आहेस, तुला मार्केट कळत नाही. फोन कट.

मी काउंटर नोटिफिकेशन टाकलं, म्हणजे ही तक्रार चुकीची आहे असं यूट्यूबला रीतसर कळवलं. हे टाकताना एक लक्षात घ्या, तुमचं नाव-पत्ता समोरच्याला जातो, त्यामुळे घरी सांगून टाका. समोरच्याने १० कामकाजी दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. त्याने काही दिलं नाही, गाणं परत आलं. दरम्यान तो इन्स्टावर सांगत होता की आवाज त्याच्या बहिणीचा आहे. मग मी 'ळा' ची मूळ फाइल टाकली, आवाज वाढवून. मागे आमच्या कुकरची शिट्टी आणि आईचं "भात झाला का बघ" स्पष्ट ऐकू येतं. त्याने वाटलेल्या फाइलमधेही तीच शिट्टी, तोच भात. बहिणीच्या घरीही आमचीच आई राहते बहुतेक.

चित्राचंही तसंच. त्याच्याकडे एकसंध चित्र आहे, लेयर असलेली फाइल, म्हणजे रेघा-रंग वेगवेगळे ठेवलेली मूळ फाइल, नाही. कच्ची पेन्सिल, घोट्यापर्यंतचं ते चुकीचं लुगडं, सगळं भांडुपवालीकडे.

पोलीस स्टेशनला गेलो तर नेहमीचं, हे सिव्हिल आहे, वकील बघा. वकीलताई म्हणाल्या की कॉपीराइट कायद्याचं कलम ६३, म्हणजे जाणूनबुजून कॉपीराइट मोडायचा गुन्हा, दखलपात्र आहे, पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मधेच सांगितलंय, पण आधी हातात काय आहे ते बघू. त्यांच्याकडून जे समजलं ते असं. आपल्याकडे चित्र काढलं त्या क्षणी हक्क चित्रकाराचा, नोंदणी केली तर पुरावा म्हणून बरं पण नाही केली म्हणून हक्क जात नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी, देणाऱ्याच्या सहीने, कुठलं काम आणि कुठले हक्क ते लिहून. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आमच्या फॉर्मवर सही सोडा, कामाचं नावसुद्धा नव्हतं. आणि कलम ५७ आहे, म्हणजे हक्क विकले तरी हे मी केलंय असं म्हणायचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. पात्राला संरक्षण मिळतं का हेही मी विचारलं, तर त्यांनी 'दबंग'मधल्या चुलबुल पांडेच्या वादातलं २०१६ चं मुंबई हायकोर्टाचं उदाहरण दिलं, वेगळेपण असलेल्या पात्राला ते मिळू शकतं असं कोर्टाने म्हटलेलं.

अडचण आहे ती नावाची. नुसत्या नावावर कॉपीराइट नसतो, ते ट्रेडमार्कमधे जातं. ताईंनी ऑनलाइन पब्लिक सर्च केलं आणि दादाचा अर्ज निघाला, क्लास २५ म्हणजे कपडे आणि क्लास ४१ म्हणजे मनोरंजन. जपानमधे अगदी हेच झालं होतं, २०२२ च्या मे महिन्यात. वर्षानुवर्षं हजारो लोक एका प्रकारचे व्हिडिओ बनवत होते, 'युक्कुरी' म्हणतात त्यांना, आणि एकाने त्यातल्या एका प्रकाराच्या नावाचा ट्रेडमार्क घेऊन वापरायचे वर्षाला एक लाख येन मागितले. लोक असे भडकले की त्याला ते सोडून द्यावं लागलं. तिथे निदान चिडायला हजारो जण होते, आम्ही मूठभर.

पण आपल्याकडे एक चांगलं आहे, अर्ज मान्य झाला तरी आधी सरकारच्या ट्रेडमार्क जर्नलमधे छापतात, ते दर सोमवारी ऑनलाइन येतं, आणि छापल्यापासून चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतं. एक दिवस उशीर झाला तरी खलास, मुदत वाढवून मिळत नाही. ऑनलाइन भरलं तर फी २,७०० रुपये प्रति क्लास. आम्ही वर्गणी काढून दोन्ही क्लासला हरकत घेतली, यावेळी हिशेब शीटवर आणि शीट सगळ्यांना उघडी. नाव आधी कोण वापरत होतं याला आपल्याकडे वजन आहे, म्हणून गिरगाववाल्याचा "सुरमई कसं वाटतं?" हा मेसेज आणि त्याखालचे आमचे बदामाचे इमोजी आता अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क ऑफिसात पुरावा म्हणून जमा आहेत.

टीशर्टवाल्याला नोटीस गेल्यावर त्याने माल काढून घेतला, उलट तोच आता दादाच्या नावाने खडे फोडतोय. स्टॉलचे १,५०० कोणालाच परत मिळालेले नाहीत. हरकतीवर निकाल यायला किती वेळ लागेल ते ताईपण सांगत नाहीत.

हे आता लिहायचं कारण म्हणजे तो ठाण्या-डोंबिवलीकडे नवीन ग्रुप जमवतोय, "ओपन कॅरेक्टर प्रोजेक्ट, सगळ्यांचं बाळ" असंच लिहिलंय. फॉर्म आमचाच आहे, फक्त टीशर्टच्या साइजऐवजी हूडीची साइज विचारलीये, शेवटची ओळ जशीच्या तशी. भरला असेल तर तो एडिट करायच्या आत पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट काढा, यूपीआयची पावती ठेवा, आणि लेयरवाली फाइल किंवा कच्चं रेकॉर्डिंग कोणी कितीही दादा-ताई असला तरी देऊ नका. आमच्या केसचे कागद कोणाला बघायचे असतील तर मेसेज करा, ताईंनी दाखवायला हो म्हटलंय.