लांबचं स्पेशालिटी क्लिनिक की जवळचे डॉक्टर? जेनेटिक निदान झालेल्या मुलांसाठी

माझं मत आधीच सांगते, हे क्लिनिक किती नावाजलेलं आहे त्यावर नाही तर मुलाला नेमकं काय आहे त्यावर ठरवायचं.

डाऊन सिंड्रोम असेल तर जवळचे बालरोगतज्ज्ञही बरंच सांभाळतात, कारण काय कधी तपासायचं हे ठरलेलं आहे, जन्मल्यावर टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी (जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात काहीतरी दोष निघतो), थायरॉईड जन्मल्यावर, मग ६ आणि १२ महिन्यांना, पुढे दरवर्षी, शिवाय कान-डोळे आहेतच. डॉक्टर मनावर घेणारे हवेत, बास.

विल्यम्स सिंड्रोमचं तसं नाही. या मुलांना भूल देणं जोखमीचं असू शकतं, अगदी दाताच्या किरकोळ कामासाठीसुद्धा, आणि हे प्रत्येक डॉक्टरला माहीत असेलच असं नाही. प्रेडर-विली सिंड्रोममध्ये बाळ आधी धड दूध ओढत नाही आणि काही वर्षांनी भूक आवरत नाही, ग्रोथ हार्मोन कधी सुरू करायचं हेही बघावं लागतं. अशा वेळी लांब जावंच.

निदानच झालं नसेल तरी जेनेटिक्सवाल्यांना एकदा दाखवाच. मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्रांची तपासणी) नॉर्मल आली म्हणून विषय संपत नाही, फ्रॅजाइल एक्स (बौद्धिक वाढीवर परिणाम करणारा जेनेटिक आजार) त्यात सापडत नाही, त्याची टेस्ट वेगळी करावी लागते.

स्पेशालिटी क्लिनिकचा खरा फायदा म्हणजे न्यूरो, हार्ट, थेरपिस्ट सगळे एका दिवसात भेटतात आणि मुख्य म्हणजे आपसात बोलतात, नाहीतर एकाचा निरोप दुसऱ्याला सांगत आपणच फिरतो. तोटा म्हणजे वेटिंग, सुट्ट्या, प्रवास, आणि नवीन जागेत बिथरलेलं पोरगं घरी करतं त्यातलं निम्मंही करून दाखवत नाही. म्हणून मोबाईलवर व्हिडिओ घेऊन जा, चालताना, जेवताना, आणि टक लावून बघत राहतो तेव्हाचा तर नक्कीच, ती फिट म्हणजे आकडी आहे का हे ठरवायला त्याचा फार उपयोग होतो.

स्पीच थेरपी, फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं शिकवणारी) मात्र जवळच, दर आठवड्याला लांब जाणं कोणालाच झेपत नाही. ऑनलाइन कन्सल्टेशन रिपोर्ट समजून घ्यायला आणि फॉलोअपला ठीक, पण स्नायूंचा ढिलेपणा, पाठीचा बाक स्क्रीनवरून कळत नाही.

मी तरी दोन्ही धरेन, वर्षातून एकदा लांब आणि रोजचं जवळ. फक्त निघताना जवळच्या डॉक्टरांच्या नावाने लेखी प्लॅन मागून घ्या, कुठली तपासणी कधी, फिट आली तर काय करायचं, कोणाला फोन करायचा. आणि नंबर लागेपर्यंत थेरपी थांबवू नका.